एकशे चौऱ्याऐंशी कैलासवासी

मी आजवर एकशे चौऱ्याऐंशी माणसं मारली आहेत. तीही सख्ख्या बहिणीच्या लग्नाच्या निमित्ताने, आणि सगळी एका दुपारी, पावणेदोन तासांत. माझ्यावर कुठे गुन्हा नोंदला गेला नाही, कारण मेलेले सगळे नंतर जेवायला आले.

हे सांगताना अजूनही संकोच वाटतो. मी मुळात निरुपद्रवी मुलगा होतो. लांज्यापासून चार मैल आत आमचं गाव. घरी भातशेती, दोन बैल, आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. रत्नागिरीला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. तेव्हा, म्हणजे ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, शहरात कॉम्प्युटरचा एक क्लास निघाला. मिरकरवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाळी आणि दोरखंड विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर. सहा महिन्यांचा कोर्स. मशीन दोन, विद्यार्थी बावीस, आणि एसी एक. वारा बंदराकडून आला की एसीतून थंडगार बांगड्याचा वास यायचा.

आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. माझी मशीनबद्दलची भक्ती तिथूनच सुरू झाली असावी.

आम्हाला शिकवणारे सर पुण्याहून आले होते आणि ते अतिशय शुद्ध बोलत. त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, "शेवटी प्रत्येकाला एक प्रोजेक्ट करावं लागेल. डेटाबेसमध्ये. घरातलाच एखादा विषय घ्या. आणि हे पाहा, प्रोग्राममध्ये किमान एक 'इफ', म्हणजे जर-तर, असला पाहिजे. इफ नाही, तर पास नाही."

नेमकं त्याच वेळी आमच्या अक्काचं लग्न ठरलं. वैशाखातली तारीख निघाली आणि आबांनी, म्हणजे वडिलांनी, पेटीतून आमंत्रणांची वही काढली.

ही वही म्हणजे आमच्या भावकीचा इतिहास होता. आबांच्या स्वतःच्या लग्नापासून तीच चालू. पद्धत सोपी. माणूस गेला की त्याच्या नावापुढे फुली. फुली नाही, तर माणूस आहे. बस. फुलीवाल्याच्या घरीही आमंत्रण जातंच, पण त्याच्या नावाने, कुटुंबाला. मला वाटलं, अरे, हाच तर माझा इफ! माणूस हयात असेल तर पाकिटावर नुसतं 'श्री'. नसेल तर 'लेट श्री' आणि शेवटी 'यांचे कुटुंब'. (मशीनला तेव्हा मराठी अक्षरं येत नव्हती. सगळा कारभार इंग्रजी लिपीत. नाहीतर 'कै.' छापलं असतं आणि पुढचं अर्धं रामायण टळलं असतं.)

"आबा, ह्या वेळची पाकिटं कॉम्प्युटर लिहील," मी जाहीर केलं.

"त्याचा अक्षर चांगला हाय?" आबांनी विचारलं.

"एकसारखं असतं."

"मग लिहू दे. तुझा तर वाचताच येत नाय."

मी कामाला लागलो. पडद्यावर एक फॉर्म तयार केला. नाव, गाव, तालुका, आणि सगळ्यात खाली शेवटचा प्रश्न: हयात? वाय किंवा एन. फॉर्म दिसायला फार देखणा झाला होता. चारी बाजूंनी दुहेरी रेघ होती. फक्त चालत नव्हता.

शनिवारी मी एस.टी.ने घरी गेलो की आई विचारायची, "काय बोलतो तुझा कॉम्प्युटर?"

"व्हेरिएबल नॉट फाउंड म्हणतो."

"म्हणजे काय?"

"एक वस्तू त्याला सापडत नाही म्हणतो."

"मग शोधून दे त्याला! माळ्यावर बघितलास?"

ती वस्तू म्हणजे 'हयात' हा शब्द होता. मी एका ओळीत त्याचं स्पेलिंग दोन ए घालून केलं होतं आणि दुसरीकडे एकच ए घातला होता. एका ए-पायी जिवंत माणूस यंत्राला दिसेनासा होतो, हे शोधायला मला अकरा दिवस लागले. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी आईने पुन्हा विचारलं, "सापडली काय त्याची वस्तू?"

"सापडली. आता डेटा टाइप मिसमॅच म्हणतो."

"आता ह्या काय?"

मी प्रामाणिकपणे समजावून सांगायला गेलो. "टाइप म्हणजे जात. मिसमॅच म्हणजे जुळत नाही."

आई भाकरी थापता थापता थांबली. मग तिने दार लोटून घेतलं. "जात जुळत नाय बोलतो? अगो बाय माझे! आणि आम्ही सुपारी फोडून बसलो! दत्ता, कुणाकडे बोलू नको हां. मुलाकडच्यांनी ऐकलान तर?"

"आई, अक्काची नाही गं! वाय या अक्षराची जात!"

"अक्षरांना पण जात असते?"

आता काय सांगणार? असते! झालं होतं असं की, प्रत्येक माणसाला 'वाय, वाय' दाबत बसायला नको म्हणून मी हुशारीने एक ओळ लिहिली होती. कुणी काही सांगितलं नाही तर माणूस हयात धरावा. अगदी आबांच्या वहीसारखं. पण त्या ओळीत मी वाय अवतरणचिन्हांत घातला. यंत्राच्या मते अवतरणातला वाय म्हणजे नुसतं अक्षर. त्याला हवा होता होकार. त्यामुळे प्रत्येक माणूस भरून झाला की शेवटच्या क्षणी ते टूँ करून ओरडायचं आणि आडवं पडायचं.

सर त्या आठवड्यात प्रिंटरचा पार्ट आणायला कोल्हापूरला गेले होते. मी तीन दिवस त्या ओळीशी झुंजलो. वाय पुढे घेतला, मागे घेतला, मोठा केला, धाकटा केला. टूँ. शेवटी चिडून ती ओळच काढून टाकली आणि तिच्या आधाराने उभी असलेली खालची ओळही.

मिसमॅच गेला! फॉर्म लोण्यासारखा चालू लागला! हयातच्या चौकटीत आता आपोआप वाय येत नव्हता. त्याऐवजी एक छोटं प्रश्नचिन्ह येत होतं. मला वाटलं, ते नक्षीकाम असेल.

यादी भरायला आबा स्वतः रत्नागिरीला आले. मानाचा क्रम चुकता कामा नये, म्हणून. चपला काढून, पाय झाडून, मशीनला नमस्कार करून ते माझ्या बाजूला बसले. एसी लागल्यावर त्यांनी उपरणं कानांवरून गुंडाळलं.

"पयला मान ग्रामदेवाचा," ते म्हणाले.

मी ग्रामदेव लिहिलं. गाव लिहिलं. तालुका लिहिला.

"आता का थांबलास?"

"तो विचारतोय, हयात आहे का."

आबा उभे राहिले. "कोणाला? देवाला?"

"सगळ्यांनाच विचारतो, आबा. त्याची पद्धतच आहे."

"त्याला सांग, आम्ही हयात आहोत ते देवामुळे!"

"त्याला वाय नाहीतर एन एवढंच कळतं."

"मग वाय दाब! दोनदा दाब!"

मी दोनदा दाबला. दुसरा वाय पुढच्या फॉर्ममध्ये जाऊन पडला आणि आमच्या यादीत देवाखालोखाल 'वाय' नावाच्या पाहुण्याला मान मिळाला. तो काढण्यात वीस मिनिटं गेली.

असं करत करत, रोज मिळणाऱ्या एका तासात, दोन आठवड्यांनी दोनशे बारा नावं भरली. प्रत्येकाला हयात आहे का विचारलं, प्रत्येकाचं उत्तर दिलं. इथपर्यंत, मी शपथेवर सांगतो, एकही माणूस मेलेला नव्हता. म्हणजे जे नऊ जण खरोखर गेले होते ते सोडून.

क्लासमध्ये फ्लॉप्या इकडच्या तिकडे होत, म्हणून नावांची फ्लॉपी मी घरी नेली. ताटलीएवढी, काळी, लवचीक. आईने ती उलटसुलट करून बघितली.

"ह्याला मधे भोक कशाला ठेवलान?"

"मशीनमध्ये अडकवायला," मी म्हणालो. (उत्तर बरोबर होतं. अपुरं होतं.)

सोमवारी सकाळी निघताना फ्लॉपी कुठे दिसेना. मी सगळं घर पालथं घातलं. आई म्हणाली, "ओरडतोस कशाला? ती काय तिकडे!"

भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, खिळ्याला लावलेली होती.

"आई!"

"तुझा कॉम्प्युटर सारखा बोलतो ना, सापडत नाय, सापडत नाय? म्हटला ह्या वेळी डोळ्यांसमोर असू दे. खिळा जरा जाड होता. वरून दगडाने ठोकून बसवली."

क्लासमध्ये ती मशीनमध्ये घातल्यावर आतून असा आवाज आला, जणू कोणी सुपारी कातरतंय. सरांनी ती बाहेर काढली, उजेडात धरली, भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "हे तू केलंस, की तुझ्यावर कोणी केलं?"

दोनशे बारा नावं गेली. आणि पाकिटं परवा पोस्टात पडायलाच हवी होती. उशीर झाला तर मुंबईकरांना रजा मिळायची नाही, असं आबांनी निक्षून सांगितलं होतं. मी वही आणायला उलट पावली घरी गेलो.

त्या संध्याकाळी घरात वेगळंच रण पेटलं होतं. आता इथे तात्यांविषयी सांगायला हवं.

तात्या म्हणजे आबांचे थोरले चुलतभाऊ. मुंबईला गिरणीत होते, निवृत्त होऊन गावी परतलेले. त्यांचं घर आमच्या अंगणातून दिसतं. मध्ये एक वहाळ, म्हणजे ओढा, आणि हद्दीवर एक फणस. तो फणस कुणाचा, यावरून दोन्ही भाऊ सहा वर्षं बोलत नव्हते. वहीत तात्यांच्या नावापुढे आबांनी फुली घातली नव्हती (तेवढी माणुसकी होती), पण कागदाची घडी घालून नाव झाकलं होतं. आणि आमच्या भावकीत लग्नाआधी देवाला गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने साकडं घालायचा, मान तात्यांचा. अक्का लहान असताना त्यांच्याच खांद्यावर बसून जत्रेला जायची. ते मुंबईहून येताना दर वेळी तिच्यासाठी रिबिनी आणत.

अक्का परसदारी तांदूळ निवडत होती. न ओरडता, मान वर न करता तिने आबांना सांगितलं, "तात्यांनी गाऱ्हाणं घातल्याशिवाय मी पाटावर बसायची नाय."

"मग बसू नको!"

"बरा. नाय बसत."

आबांनी विडी पेटवली. विझवली. परत पेटवली. मग वही ओढून ती घडी उघडली आणि माझ्याकडे फेकली. "घाल त्याचा नाव. शेवटाला घाल. पण त्याची पायरी चढायला मला सांगू नका. टपालाने जाईल."

म्हणजे दोनशे तेरा. अंगणातून दिसणाऱ्या घराला रत्नागिरीहून टपालाने आमंत्रण! पण अक्काच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून मी वही पिशवीत घातली. त्या एका पाकिटावर तिचं लग्न उभं होतं, हे मला नीट कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी मला सलग दोन तास मशीन दिलं. पहिली वीस नावं भरेपर्यंत सर माझ्या मागे उभे होते, म्हणून मी एकेक प्रश्न वाचून, वाय दाबून, नेटकं काम केलं. मग सर चहाला गेले. घड्याळाकडे पाहिलं. पंधरा मिनिटांत वीस नावं! या वेगाने उरलेली एकशे त्र्याण्णव संपायला आणखी अडीच तास लागले असते! मग मी सुटलो. नाव, एंटर, गाव, एंटर, तालुका, एंटर, एंटर. नाव, एंटर, गाव, एंटर, तालुका, एंटर, एंटर. तो शेवटचा एंटर हयातच्या चौकटीतून सुसाट निघून जात होता. तिथे प्रश्नचिन्ह होतं. तसंच राहत होतं. आबांच्या वहीत फुली नसली की माणूस जिवंत असतो, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं. माणूस जिवंत आहे का, हे आमच्याकडे कोणी विचारतं का? गेला असेल तर कळतंच की!

सगळ्यात शेवटी तात्या. एंटर, एंटर.

प्रिंटर कर्र कर्र करून पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापू लागला. पहिल्या पानावर वीस चिठ्ठ्या होत्या. मी एकेक अक्षर तपासलं. वा! देव, मानकरी, मामा, सगळे 'श्री'. सरांनी विचारलं, "उरलेली पानं तपासलीस?"

"प्रोग्राम तोच आहे, सर," मी म्हणालो. (हे वाक्य मी आयुष्यात पुन्हा उच्चारलेलं नाही.)

घरी आईने भाताची खळ केली. मी पत्रिकांना हळदीकुंकवाची बोटं लावत होतो, अक्का चिठ्ठ्या कापून चिकटवत होती. ती सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षरं थोडी ओळखायची. मध्येच म्हणाली, "दत्ता, ह्या सगळ्यांच्या आधी एकच नाव कसा रे?"

"ते श्री असेल," मी हळद लावता लावता म्हणालो.

पाच दिवसांनी पोस्टमन काका सायकल हातात धरून अंगणात आले. चेहरा असा, की आई पदर तोंडाला लावूनच बाहेर आली.

"आबा, एकदम इतके?" ते हळूच म्हणाले. "साथ बिथ आली होती काय?"

"कोण इतके?"

त्यांनी पिशवीतून आजूबाजूच्या गावांची सव्वीस पाकिटं काढून ओट्यावर ठेवली. "ह्या सगळ्यांच्या नावावर लेट छापलाय. लेट म्हणजे कैलासवासी. ह्यातला एक जण तर काल माझ्याकडून पोस्टकार्ड घेऊन गेला! मी त्याला विचारू तरी काय?"

मी एक पाकीट उचललं. मग दुसरं. मग सगळी. अंगातून अशी थंडी गेली की त्यापुढे क्लासचा एसी म्हणजे चूल! लेट श्री. लेट श्री. लेट श्री. आमचे धाकटे मामेभाऊ, वय वर्षं चोवीस, लेट श्री. अक्काला हळद लावायला येणार होत्या त्या चार काकूंचे चारही नवरे, लेट!

"आणि बाकीची?" मी विचारलं.

"ती गेली. मुंबईची तर कधीच गेली."

त्याच दिवशी मुंबईहून तार आली: वाईट बातमी कळली, निघतो, कोण ते कळवा. दुसऱ्या दिवशी एक पोस्टकार्ड आलं. वेळणेश्वरच्या मावशींच्या यजमानांनी फार सोशीकपणे लिहिलं होतं: आपण पाकिटावर लेट येण्याची सूचना केली आहे, त्याप्रमाणे आम्ही पहिली पंगत उठल्यावरच येऊ, आम्ही काही मानाचे भुकेले नाही. म्हणजे ज्यांना इंग्रजी येत होतं ते मेले होते, आणि ज्यांना थोडं येत होतं ते रुसले होते!

आबांनी पोस्टमनना एकच विचारलं. "समोरचा? त्याचा दिलास?"

"तात्यांचा सकाळीच, लेट नजरेत यायच्या आधी दिला. त्यांनी पाकीट वाचलान. मग परत वाचलान. मग आत गेले आणि दार लावून घेतलान."

अक्का उठून आत गेली. सुपातले तांदूळ तिने परत डब्यात ओतले. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"जा," आबा मला म्हणाले. "तू मारलास, तूच जिवंत कर."

मी वहाळापर्यंत गेलो. फणसाखाली उभा राहून काय बोलायचं ते जुळवलं. 'तात्या, यंत्राचा गैरसमज झाला.' 'तात्या, तुमची चौकट कोरी राहिली.' काहीही जुळेना. दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा जात होतो तेव्हा पडवीतूनच आवाज आला.

"दत्त्या! मुहूर्त काय रे लग्नाचा?"

"अकरा चाळीस, तात्या. मला सांगायचं होतं की..."

"अकरा चाळीस. बरा. जा आता."

आणि दार परत बंद. मी घरी येऊन सांगितलं, की त्यांनी मुहूर्त विचारला. "मुहूर्त कशाला हवा त्याला?" आबा खिन्नपणे म्हणाले. "त्या वेळेला गाव सोडून जायला!"

पुढचे चार दिवस मी माणसं जिवंत करत फिरलो; एकशे त्र्याण्णवांतले नऊ खरोखर गेलेले, उरलेली एकशे चौऱ्याऐंशी माझी. मुंबईला तारा केल्या. एस.टी.ने, सायकलने, पायी, गावोगाव जाऊन दारात उभा राहायचो आणि म्हणायचो, "तुम्ही हयात आहात, हे सांगायला आलो." लोक बसा म्हणायचे, पाणी द्यायचे आणि आतल्या माणसांना बोलावून मला दाखवायचे. एका म्हाताऱ्या आत्याने तर माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "शिकतोस खूप, ना रे बाळा?"

लग्नाला दोन दिवस राहिले होते. सकाळी सहा वाजता मी मांडवाला पताका बांधत होतो. वहाळाकडून कोणीतरी येताना दिसलं. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात पिशवी आणि खांद्यावर भलाथोरला फणस. त्याच झाडाचा.

तात्या अंगणाच्या मधोमध उभे राहिले. आबा ओट्यावर दात घासत होते, ते मिशेरीसकट थिजले.

"दत्त्या, किती वाजले?"

"सहा, तात्या."

"लग्न कधी?"

"परवा. अकरा चाळीस."

"मग लिही तुझ्या मशीनवर! दोन दिवस, पाच तास, चाळीस मिनिटं आधी हजर!" मग ते आबांकडे वळले. "एकतीस वर्षं गिरणीत काढली मी. पावसात रुळांवरून चालत गेलो, तापात गेलो. एक लेट मार्क नाय! सायबानेसुद्धा दिलान नाय! आणि माझ्या भावाने मला पाकिटावर, सगळ्या पोस्टाला दिसेल असा, लेट मार्क दिलान?"

मी तोंड उघडलं. लेट म्हणजे काय, हे सांगायला. खरंच सांगणार होतो. पण आबा पहिल्यांदा, सहा वर्षांत पहिल्यांदा, त्यांच्याशी बोलले. मिशेरी थुंकून म्हणाले, "मग? सहा वर्षं समोर राहून आला नायस. लेट नाय तर काय तू?"

तात्यांनी टोपी काढली, परत घातली. मग सावकाश फणस खाली ठेवला.

"ह्या मात्र खरा हाय," ते म्हणाले. "चहा हाय काय?"

अक्का आतून धावत आली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. उठताना नाक पुसत मला म्हणाली, "तुझा मशीन बरा हाय हां." आयुष्यात त्या प्रोग्रामचं कौतुक एवढंच झालं.

लग्नाच्या दिवशी मांडव भरला. मेलेले सगळे आले. रुसलेलेही आले. मी सुखाने पाट मांडत होतो, एवढ्यात पोस्टमन काका नवा सदरा घालून आले आणि थेट तात्यांसमोर जाऊन हात जोडून म्हणाले, "तात्या, कैलासावरून कधी उतरलात?"

"काय?"

"लेट म्हणजे कैलासवासी हो! दत्ताने एकशे चौऱ्याऐंशी माणसा छापून मारलान, त्यात तुम्ही, ठाऊक नाय?"

मी पाटासकट खांबाआड सरकलो. तात्यांनी एकदा आबांकडे बघितलं. आबांनी एकदा आभाळाकडे. मग तात्यांनी नारळ उचलला, देवासमोर उभे राहिले आणि असा खणखणीत आवाज लावला की लांज्याच्या स्टँडवर ऐकू गेला असेल.

"हे बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!" मांडव म्हणाला.

"आज तुझ्या लेकीचा शुभकार्य हाय, ता तू निर्विघ्न पार पाड रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि ह्या शिकलेल्या पोराने यंत्रावर बसून जी एकशे चौऱ्याऐंशी माणसा मारलान, जी आता तुझ्यासमोर भुकेली उभी हायत, त्यांका शंभर वर्षं जगव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" मेलेले एका आवाजात गरजले. पताका हलल्या. नवऱ्या मुलाने घाबरून माझ्याकडे बघितलं.

"आणि ह्या पोराच्या बोटांना जरा अक्कल दे रे महाराजा!"

सगळ्यात मोठा 'व्हय महाराजा' त्याला मिळाला. आईचा आवाज मला वेगळा ओळखू आला.

लग्नाच्या गडबडीत माझं प्रोजेक्ट द्यायला चार दिवस उशीर झाला. सरांना तोंडाने सांगायचं धाडस होईना, म्हणून मी आबांना बरोबर घेऊन गेलो. सरांनी प्रोग्राम वाचला, घडलेलं सगळं ऐकलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "यात यंत्राची काहीच चूक नाही. त्याने दोनशे तेरा वेळा विचारलं. तू वीसदाच उत्तर दिलंस. न सांगितलेलं म्हणजे नाही, असं ते समजतं."

"आमच्या वहीत न सांगितलेला म्हणजे हाय," आबा म्हणाले.

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी रजिस्टर ओढलं, माझ्या नावापुढे लाल शाईने काहीतरी लिहिलं आणि ते चहाला गेले.

आबांना इंग्रजी येत नव्हतं. पण परत आलेली ती सव्वीस पाकिटं त्यांनी इतके दिवस न्याहाळली होती, की त्या भाषेतला एक शब्द त्यांना नुसत्या आकारावरून ओळखू यायचा. ते रजिस्टरवर वाकले आणि मटकन खुर्चीत बसले.

"दत्ता," उपरणं तोंडाला लावून ते म्हणाले, "तुझ्या सरांनी तुला पण मारलान रे!"

"नाही हो आबा," मी म्हणालो, "तो नुसता लेट मार्क आहे."

पुढच्या महिन्यात निकाल लागला: नापास. आबांचंच बरोबर होतं.